शेपटाची तार

कपाशी फुटली की गावातल्या लोकांना लक्ष्मी आठवते. मला राग आठवतो. दिवाळी सरते, तापीवरून सकाळचा गार वारा सुटतो, वेचणीच्या बाया ओट्या भरत ओळींतून पुढे सरकतात आणि शाळेच्या खिडकीतून ते पांढरं वावर बघताना माझे दात आपोआप एकमेकांवर बसतात. मी शहाद्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण आहे. क्षमेवर निबंध लिहून आणा असं मुलींना सांगते, एखादीने छान लिहिला तर वर्गात वाचूनही दाखवते. मला स्वतःला तो निबंध कधी जमला नसता.

मधल्या काळात लढाई झाली, स्वराज्य आलं. तो हंगाम मात्र दर वर्षी होता तसाच माझ्या दारात येऊन उभा राहतो.

कापसाला स्वतःचा असा वास फारसा नसतो. वाळलेल्या बोंडांचा, धुळीचा, हाताला चरचर लागणाऱ्या पानांचा काहीसा कोरडा वास असतो. मला मात्र या दिवसांत पिकल्या केळ्यांचा वास येतो, घरात केळं नसतानाही. त्या वर्षी आमच्या खळ्यातल्या लांब छपरीत एक विमान होतं आणि त्याच्या कापडाला पाजायचं औषध पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवलेलं होतं. त्या औषधाला हुबेहूब पिकल्या केळ्यांचा वास यायचा. केळीच्या मळ्यांत वाढलेली आमची माणसं फाटकातून डोकं आत घालायची आणि विचारायची, "घड कोठे पिकाले टाकेल शेत?" समोर दोन जोडपंखांचं विमान उभं असायचं, पण चौकशी आधी केळ्यांची व्हायची.

ते विमान आदल्या वर्षी आमच्या वावरात पडलं होतं. पडण्याआधी ते जिनवाल्या शेठचं होतं.

शेठची जिन शहाद्याच्या रस्त्याला. तालुक्यातल्या गाड्याच्या गाड्या कापूस तिथे जायचा, सरकी एकीकडे आणि रुई एकीकडे व्हायची, आणि शेठ गादीवर बसून मधल्या मध्ये मोठा होत जायचा. आमच्यातलाच माणूस, आमचीच भाषा बोलणारा. पैसा आला तशी मुंबईला जाऊन विमान चालवायची हौस लागली. तिथल्या क्लबात माझा थोरला भाऊ हिरामण मिस्त्री होता. मी त्याला नुसतं भाऊ म्हणते. आपल्याकडचा माणूस म्हणून शेठने त्यालाच आपल्या विमानाच्या देखरेखीला मागून घेतलं.

भाऊ सुट्टीवर आला की अंगणात बसून सांगायचा, विमान म्हणजे निम्मं कापडच असतं. हलक्या लाकडाच्या फासळ्या, त्यांच्यावर ताणून शिवलेलं कापड आणि आतून तारा. बसल्या जागेवरून दांडी हलवली की तार ओढली जाते आणि शेपूट हलतं. आईवडील लवकर गेल्यावर आम्हा दोघांना जिने वाढवलं ती आमची मोठी माय, म्हणजे थोरल्या काकांची बायको, हे ऐकून हसायची. "कापडनं इमान? मंग पानी उनं तं काय धोतरगत पिळतस का त्याले?"

पडण्याचा तो दिवस मी पाहिलाय, ऐकीव नाही. वेचणी चालू होती आणि माझी ओटी भरलेली होती. शेठने विमान मुलखाला दाखवायला आणलं होतं. तो मागे बसून चालवत होता, भाऊ पुढच्या बैठकीत होता. शेठने जिनवर घिरट्या घातल्या, घराच्या धाब्यावर उभ्या राहिलेल्या बायकापोरांना हात केला, मग तापीवरून अगदी खालून आमच्या शिवाराकडे आला. मी मान वर करून बघत होते. विमानाचं नाक वर गेलं, आवाज मंदावला आणि चिखलात पाय घसरावा तसा एक पंख खाली गेला. कपाशी मोडत ते आमच्या वावरात शिरलं. पांढरा कापूस सगळीकडे उडाला आणि कितीतरी वेळ खाली बसेना.

शेठच्या कपाळाला खोक पडली. भाऊचा गुडघा फुटला.

त्यापुढचं मात्र मी रोज ऐकते. भाऊला आम्ही बैलगाडीत निजवत होतो. गावचे पाटील आले होते, सगळं गाव गोळा झालं होतं. शेठने कपाळाला फडकं धरलं, पाटलांकडे बघितलं आणि म्हणाला, "मिस्त्रीनं शेपटाची तार कसेल नव्हती. ढिली व्हती. मी काय करू?" भाऊने मान उचलून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण दुखण्याने त्याचा शब्द फुटला नाही. मोडलेल्या विमानाचं काय करायचं असं कुणी विचारलं तर शेठ जाता जाता म्हणाला, "चुल्हामा घाला ते."

धुळ्याच्या दवाखान्यातून भाऊ घरी आला तेव्हा त्याचा गुडघा वाकायचा बंद झाला होता आणि त्याच्या आधी त्याचं नवं नाव घरी पोचलं होतं. ढिला मिस्त्री. क्लबाने त्याला परत घेतलं नाही. आमच्याकडे तेव्हा विहिरींवर तेलाची इंजिनं बसायला लागली होती. ती बिघडली तर लोक दूरच्या गावाहून माणूस आणायचे, पण आमच्या दारावरून जाताना बैल हाकलायचे. हाताला काम नसलेला मिस्त्री घरात कसा बसतो ते मी पाहिलंय. तो कड्यांना तेल घालतो, मोटेची चाकं पुसतो, आणि मग नुसता बसतो.

लोणखेड्याला सोयऱ्यांकडे लग्न होतं. मांडव बांधायचं काम चाललं होतं. भाऊ दोरीला हात लावायला पुढे झाला तर कुणीतरी ओरडलं, "मांडवनी दोरी हिरामणले बांधू देऊ नका रे, वऱ्हाड दबाई जाई." सगळे हसले. भाऊही हसला. तो हसला हे मला जास्त झोंबलं. मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि जेवल्याशिवाय निघून आले. त्या दिवसापासून मी शेठचं वाईट चिंतायला बसले ती बसलेच.

राग हा दुभत्या म्हशीसारखा असतो. नुसता दावणीला बांधून भागत नाही, रोज त्याचं करावं लागतं. मी केलं. सकाळी उठून केलं, भाकरी थापताना केलं, नदीवर धुणं आपटताना तर फारच मन लावून केलं. शेठच्या जिनला आग लागावी, शेठची मोटार तापीत जावी, असल्या पोरकट शापांपासून सुरुवात झाली. पुढे त्याला वळण आलं. शेठने त्याच पाटलांपुढे, त्याच माणसांपुढे, आपल्या तोंडाने खरं काय ते कबूल करावं आणि भाऊचं नाव परत द्यावं, एवढंच मागणं उरलं. आगीपेक्षा हे मागणं मोठं होतं हे मला तेव्हाही कळत होतं.

पावसाळ्याआधी भाऊने माणसं लावून ते मोडकं धूड वावरातून ओढत आणलं आणि छपरीत ठेवलं. दसरा झाल्यावर कुबडी टेकत तो तिथे गेला आणि सुरीने कुजलेलं कापड सोलायला लागला. मी विचारलं, काय करतोस? म्हणाला, "उडाडस त्याले." मला वाटलं, दुखण्याने माणूस हलला.

कापड सोलताना आतल्या तारा दिसल्या. शेपटाकडे जाणारी तार तर घट्ट ताणलेली होती. तिच्या जोडावर शिशाची एक चपटी गोळी होती. मी बोट लावायला गेले तर भाऊ पहिल्यांदाच माझ्यावर खेकसला. "हात नको लावू. ऱ्हाऊ दे ती." बाकी कितीतरी तारा त्याने बदलल्या, ती तेवढी ठेवली, तिला नुसतं तेल दिलं. मी म्हटलं, तार घट्ट आहे हे गावाला बोलावून दाखव की. तो म्हणाला, "तेस्ले काय दिसी? म्हनतीन, मांगून कसेल शे." आणि पुन्हा मान खाली घालून कामाला लागला.

मुंबईहून एका जुन्या सोबत्याने हलकं लाकूड आणि पुढचा लाकडी पंखा पाठवला. नंदुरबार स्टेशनावर पार्सल उतरायची आणि तिथून बैलगाडीने नदी ओलांडून यायची. गावातल्या सुताराने सातपुड्याचं सागवान देऊ केलं, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल म्हणाला. भाऊने हात जोडले. जे पिढ्यान्‌पिढ्या टिकतं ते उडत नाही हे सुताराला पटेना, तो रुसून गेला.

मग आली कापडाची पाळी, आणि तिथे आम्ही बाया आलो. भाऊने घट्ट विणीचं सुती कापड आणवलं. घरच्या शिलाई यंत्रावर त्याचे लांबलचक अभ्रे शिवले आणि पंखांना उशीसारखे चढवले. नंतर प्रत्येक फासळीभोवती मेण लावलेल्या दोऱ्याने टाके. पंख उभा धरायचा, एक बाई अलीकडे, एक पलीकडे. अलीकडचीने लांब दाभण खुपसायची, पलीकडचीने ती ओढून फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत पाठवायची. मोठी मायने हे बघितलं आणि पदर खोचला. "आवं, हाई तं उभी गोधडी शे," ती म्हणाली, आणि त्या क्षणापासून छपरीतलं राज्य तिचं झालं.

शेजारच्या बाया दुपारच्या वेळी वेचणीवरून येऊन बसायच्या. केसांत कापसाचे धागे अडकलेले असायचे. दाभण इकडून तिकडे जायची आणि तिच्याबरोबर सगळ्या गावच्या गोष्टीही. भाऊने टाक्यातलं अंतर दाखवलं तर मोठी माय म्हणाली, "इतलं लांब? गोधडीले बी मी ह्यान्हापेक्षा जवळ घालस." तिने जवळच घातले. भाऊला आतून बरं वाटलं असणार, पण तो म्हणाला, दोरा फुकट जातोय.

माझी जागा मोठी मायच्या समोर. दाभण माझ्याकडून जाताना मी मनात शेठचं नाव घ्यायचे. एकेक टाका त्याच्या कपाळावरच घालते आहे असं वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं. लोक म्हणतात सुडाने माणसाला झोप लागत नाही. मला त्या हंगामात गाढ झोप लागायची.

एकदा राहवेना म्हणून विचारलं, "भाऊ, तुले राग येस नही का रे त्याना?"

भाऊ माझ्या टाक्यावर बोट फिरवत होता. म्हणाला, "हाऊ टाका ढिला पडना. उसव."

मी उसवला. पण मनातून मला त्याची चीड आली. आमच्या भाऊत विस्तवच नाही, असं मी मोठी मायला म्हणाले. तिने दाभण माझ्याकडे परत पाठवली.

टाके झाल्यावर औषध. रुंद कुंचल्याने ते कापडाला पाजायचं. उन्हं वर आली की सुरू करायचं, कारण दवाच्या ओलीत ते पांढरं पडायचं. पहिला हात ओला असताना कापड सैल, रुसलेलं दिसायचं, आणि वाळता वाळता आपोआप ताणून यायचं. दुसऱ्या-तिसऱ्या हातानंतर त्याच्यावर बोट मारलं तर होळीच्या ढोलासारखा आवाज निघायचा. केळ्यांच्या त्या वासाने डोकं हलकं व्हायचं. बाया उगाचच हसायच्या. मोठी माय म्हणायची, हे औषध पंखाला कमी आणि आपल्यालाच जास्त चढतंय.

आमच्याकडे गोधडी पुरी होताना शेवटच्या ठिगळाखाली भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा ठेवतात, मगच शेवटचा टाका घालतात. पांघरूण उपाशी राहिलं तर घराला लाभत नाही. मोठी माय जन्मभर हे करत आली होती. तिने खालच्या पंखाच्या टोकाला, अभ्रा मिटायच्या आधी, आमच्या कुणाच्या लक्षात येणार नाही असा घास आत सरकवला. तूपही लावलं होतं, कारण विमान मोठं.

व्हायचं तेच झालं. ताणलेल्या पंखाला एके सकाळी हात जाईल एवढं भोक. उंदरांनी कुरतडलं होतं. मी किंचाळलेच. भाऊने भोकात हात घालून गुळाचा उरलेला खडा बाहेर काढला आणि मोठी मायकडे बघितलं. ती बिचारी म्हणाली, "उपाशी कसं उडी ते?" भाऊ खाली बसला आणि इतका हसला की कुबडी आडवी झाली. अपघातानंतर तो तसा पहिल्यांदा हसला.

आणि नेमक्या त्याच दिवशी शेठची मोटार आमच्या दारात आली. विमान बरं झालं ही बातमी जिनच्या गादीपर्यंत पोचली होती. त्याच्या मागे पाटील आणि निम्मं गाव. शेठने विमानाभोवती फेरी मारली, हात मागे बांधून, बैलबाजारात मारतात तशी. भोकापाशी थांबला. म्हणाला, "उंदरेसले बी मालूम शे, मिस्त्री कोन शे ते."

लोक हसले. तेच लोक, तेच हसणं. मी कुणाला काही न विचारता कात्री घेतली, भोकाच्या कडा नीट कापल्या, आतून कापड लावलं, सगळ्यांच्या देखत टाके घातले, वरून औषध पाजलं. शेठ खाटेवर बसून चहा पीत बघत होता. ऊन कडक होतं, ठिगळ चढत्या उन्हात ताणून आलं. मोठी मायने या वेळचा घास स्वतःच्या तोंडात टाकला. "इमाननं नाव लिसन मीच खाई लेस," ती म्हणाली.

कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेलं आमचं एक वावर भाऊने सपाट करून ठेवलं होतं. परवाना वगैरे काही नव्हता, आणि विचारणारं तिथे कुणी नव्हतं. क्लबातल्या साहेबांनी हौसेने भाऊला चालवायला शिकवलेलं होतं, आणि तो म्हणाला की न वाकणारा पायही पुढे रेटायला चालतो. विमान ढकलत वावरात आणलं. भाऊ मागे चढला. पुढची बैठक रिकामी होती. मी शेठला म्हणाले, "तुमनं इमान शे ना? मंग बठा."

शेठने लोकांकडे बघितलं. "माले काय जीव जड व्हयेल शे का?"

"मंग मी बठस," मी म्हणाले, आणि पदर कमरेला घट्ट आवळून चढले.

वरून काय दिसलं असं मुली मला विचारतात. तापी दिसली असेल, प्रकाशा गावची देवळं दिसली असतील. मला फक्त ते ठिगळ आठवतं. मी सगळा वेळ त्याच्याकडे बघत होते. भाऊच्या कामाची मला खात्री होती, माझ्या टाक्यांची तेवढी नव्हती. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ठिगळ जागच्या जागी होतं. जिनच्या धुराड्यावरून आम्ही गेलो तेव्हा मी खाली थुंकले. ते परत माझ्याच गालावर आलं.

उतरलो तेव्हा लोक धावत आले. मला वाटलं, झालं, जिंकलो. शेठ सावकाश चालत आला. त्याचा चेहरा जराही पडलेला नव्हता. पाटलांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आते तार कसी तं उडनं. तव्हय कसेल नव्हती." आणि लोकांनी माना हलवल्या. त्यांचं तरी काय चुकलं. आजचं उडणं बघून कालचं खरं कसं ठरणार? एवढा हंगाम, एवढे टाके, आणि भाऊ तिथेच होता, ढिला मिस्त्री.

वर शेठ म्हणाला की आता तो विमान घेऊन जाणार. कागद त्याच्या नावाचा होता. मी म्हणाले, चुलीत घाला म्हणाला होतात. पाटील मला म्हणाले, "पोरी, तोंडनं काय बी बोलतस, कागद त्यान्हा शे." भाऊ विमानाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "खरं शे. मशीन शेठनंच शे." मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्या क्षणी मला शेठपेक्षा भाऊचा राग आला.

भाऊ शांतपणे विचारत होता. "इंजन तुमनं?"

"मन्हं."

"लाकडं, तारा?"

"सम्दं मन्हं."

"शेपटाची तार बी तुमनीच ना, शेठ? तव्हयनीच शे, मी बदलेल नही."

"मन्हीच शे," शेठ चिडून म्हणाला. "मन्हा मशीनमा जे शे ते मन्हंच शे."

भाऊने पाटलांकडे बघितलं. "आयकं ना, पाटील?" पाटलांनी मान हलवली. मग भाऊ म्हणाला, "मशीन तुमनं. लई जा. कापड आमनं शे. मोठी माय, इळा आन."

पहिला काप त्यानेच घातला, शेपटाजवळ. ढोलासारखं ताणलेलं ते कापड फाटताना जो आवाज झाला तो माझ्या अंगातून गेला. मग त्याने विळा माझ्या हातात दिला. मोठी माय आली, शेजारच्या बाया आल्या. अख्खा हंगाम शिवलेलं आम्ही ओढून ओढून काढलं. शेठ ओरडला, पण कापडावर त्याचा हक्क कुठल्या कागदात नव्हता.

शेपूट उघडं पडलं तेव्हा भाऊने पाटलांना जवळ बोलावलं आणि ती शिशाची गोळी दाखवली. नंदुरबार स्टेशनावर मालाच्या डब्याला मारतात तसा तो शिक्का होता. मुंबईला तार कसून झाली की क्लबाचा साहेब स्वतःच्या चिमट्याने तो मारायचा, आणि मग गोळी तोडल्याशिवाय तारेचा जोड फिरवता येत नव्हता. पाटलांनी रेल्वेने कापूस धाडण्यात आयुष्य घालवलेलं. त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी पागोटं मागे सारलं, गोळी नखाने खरवडून बघितली, तार ओढली. शेपूट हललं.

"शिक्का साबूत शे," पाटील म्हणाले. मग शेठकडे वळले. "मंग ढिली कव्हय व्हती, शेठ?"

शेठने तोंड उघडलं. तार आपली नाही, मिस्त्रीने मागाहून बदलली, असं म्हणायची सोय त्याने स्वतःच घालवली होती. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "नाक मीच जास्ती वर वढं. मन्ही चूक व्हई." मी ते शब्द कानांत साठवून घेतले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मोडक्या सांगाड्यावर शेठने कधी हक्क सांगितला नसता. उडणाऱ्या विमानावर सांगणारच होता. लाकूड, कापड, औषध, बायांचे टाके, हे सगळं भाऊने त्या एका वाक्यासाठी केलं होतं, शेठने ती तार आपली म्हणावी म्हणून. मी नुसती शाप देत बसले होते आणि हा गप्प माणूस हंगामभर सापळा शिवत होता. घरी आल्यावर मी भांडले, मला आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तुले सांगतू तं गावले कळतं."

शेठला सांगाडा न्यावाच लागला. एवढ्या लोकांपुढे माझं माझं म्हटल्यावर टाकून कसा जाणार. बैलगाड्यांवर घालून तो जिनच्या आवारात ठेवला. मागाहून दोनदा माणूस पाठवला, बायांनी पुन्हा कापड चढवून द्यावं, मागतील ती मजुरी. मोठी माय त्या माणसाला म्हणाली, आमचे हात वेचणीत गुंतलेत. वेचणी तेव्हा कधीच संपली होती.

तो सांगाडा शेठला मोडता येईना, जाळताही येईना. जाळला तर लोक म्हणणार, पुरावा जाळला. तो आजही तिथे उघडा उभा आहे. हंगामात जिनवर गाड्यांची लांब रांग लागते, माणसांना दुसरा उद्योग नसतो. प्रत्येक जण खाली उतरून सांगाड्यापाशी जातो, शिक्का बघतो, तार ओढतो. शेपूट हलतं. मग तो शेठच्या गादीला ऐकू जाईल असं म्हणतो, "तार तं घट शे." पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे. एवढी वर्षं झाली, पण कुणाला त्याचा कंटाळा आलेला नाही.

आता आसपासच्या गावांतलं एकही इंजिन भाऊच्या हाताशिवाय सुरू होत नाही. लोक मला म्हणतात, बाई, तुमच्या भावाने केव्हाच माफ करून टाकलं, तुम्हीही सोडा. परवा आमचा कापूस घेऊन मी भाऊबरोबर जिनवर गेले होते. गाडी रांगेत लागल्यावर तो कुबडी टेकत सांगाड्यापाशी गेला, खिशातून तेलाची कुपी काढली आणि तार जिथून जाते त्या चाकात थेंब थेंब तेल सोडलं. दर वर्षी सोडतो. शेठ आता म्हातारा झालाय. गादीवरून त्याने विचारलं, "आते कसाले तेल टाकस, हिरामण? ते काय उडी का?"

भाऊने तार एकदा ओढून बघितली. म्हणाला, "उडाले नही, शेठ. लोकेस्ना हात दुखाले नको."